हिवाळ्यात ट्राउटसाठी दोघांत एकच काठी न्यावी

प्रश्न असा आहे: "आम्ही दोघे मित्र गेल्या वर्षी पुण्याहून डेन्व्हरला आलो. उन्हाळ्यात फ्लाय फिशिंगची तोंडओळख झाली, चार-पाच मासेही लागले. आता जानेवारीतला एक पूर्ण दिवस ट्राउटसाठी नदीवर घालवायचा विचार आहे. एवढ्या थंडीत मासा लागतो का, कोठे जावे, आणि दोघांनी मिळून काय काय सामान घ्यावे?"

मासा लागतो. जागा म्हणाल तर डेन्व्हरपासून सुमारे सव्वा तासावर असलेली, साउथ प्लॅट नदीवरील चीझमन कॅन्यन ही घळ मी सुचवेन. सामानाबद्दलचे माझे उत्तर मात्र तुम्हाला अनपेक्षित वाटेल: दोघांत मिळून फ्लायची, म्हणजे गळावर पिसे-दोरे बांधून केलेल्या किड्यासारख्या नकली आमिषाची, एकच काठी घ्या, दुसरी गाडीतच राहू द्या. गेली सोळा वर्षे मी या नदीवर हिवाळ्यात जातो आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे एकाच मित्राबरोबर, एकाच काठीवर मासेमारी करतो. काठी दोघांत वाटून घेतल्यापासून आम्हाला मासे अधिक लागले, थंडी कमी बाधली आणि जिवावर बेतेल असा प्रसंग पुन्हा आला नाही. असे का होते, हे नीट समजावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी जागेविषयी. रॉकी पर्वतातल्या बहुतेक नद्या जानेवारीत काठापासून गोठत जातात, परंतु धरणाच्या लगेच खालची नदी गोठत नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे जलाशयाचा पृष्ठभाग बर्फाखाली गेला तरी तळाशी साधारण ४ अंशांचे पाणी साठून राहते, आणि खोलवरच्या झडपांतून नदीत सोडले जाते ते हेच पाणी. चीझमन धरण १९०५ मध्ये पूर्ण झाले. ग्रॅनाइटच्या घडीव दगडांत बांधलेली त्याची २२१ फूट उंचीची भिंत त्या काळी जगातल्या सर्वांत उंच धरणांमध्ये गणली जात असे, आणि डेन्व्हर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते आजही वापरात आहे. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्यूसेक सोडले ही बातमी ऐकत मोठे झालेल्या तुम्हा पुणेकरांना एक गोष्ट सोयीची वाटेल: येथेही नदीचा विसर्ग त्याच मापात मोजतात आणि तो रोज जाहीर होतो. घरून निघण्यापूर्वी तो आकडा पाहण्याची सवय लावून घ्या. हिवाळ्यात मला या घळीत बहुधा ७५ ते २०० क्यूसेकच्या दरम्यानचे पाणी मिळाले आहे. एवढे पाणी पारदर्शक असते आणि जपून चालल्यास पायी ओलांडण्याजोगेही असते. आकडा आदल्या दिवसापेक्षा एकाएकी वाढलेला दिसला तर मी बेत पुढे ढकलतो, कारण वाढत्या पाण्यात काठाचा बर्फ सुटून वाहू लागतो.

४ अंशांचे पाणी गोठत नसले, तरी ट्राउटच्या दृष्टीने ते फार थंड असते. मासा शीतरक्ताचा, म्हणजे पाण्याचे तापमान तेच त्याच्या अंगाचे तापमान. साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात जोमाने खाणारा हा प्राणी ४ अंशांना सारे व्यवहार मंद करतो. त्याचे पचन सावकाश चालते, भूक कमी असते आणि शक्ती जपून वापरावी लागते. म्हणून उन्हाळ्यात खळाळत्या उथळ पाण्यात दिसणारे मासे हिवाळ्यात तेथून निघतात आणि डोहाच्या मध्यावर, डोहाच्या शेपटाकडे, म्हणजे खालच्या टोकाकडे, किंवा मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, जेथे पाणी माणसाच्या रमतगमत चालण्याहूनही हळू वाहते अशा जागी, तळालगत येऊन थांबतात. तेथे ते खातात, पण प्रवाह जे अगदी तोंडापुढे आणून देईल तेवढेच. जुलैमध्ये दोन फूट सरकून फ्लाय घेणारा मासा जानेवारीत एका वितीहून अधिक सरकत नाही, आणि आमिषासाठी पृष्ठभागापर्यंत चढणे तर त्याला बहुतेक वेळ परवडतच नाही.

काठी एकच का, याचे कारण इथेच आहे. मासा वीतभरही सरकणार नसेल, तर अंदाजाने पाण्यात फ्लाय टाकत राहण्याला अर्थ उरत नाही. तो नेमका कोठे आहे हे दिसले पाहिजे. पाण्यात कमरेपर्यंत उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही, कारण त्याची नजर पाण्यावर तिरपी पडते आणि पृष्ठभागावरची चकाकी तळ झाकून टाकते. काठावरच्या आठ-दहा फूट उंच धोंड्यावर, सूर्य पाठीशी घेऊन आणि चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून उभा असलेला माणूस मात्र तळातला खडान्‌खडा पाहू शकतो. तेव्हा एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने टाकायचे. मासा लागला, किंवा अर्धा तास झाला, की जागा बदलायच्या. यात आणखी एक फायदा आहे, जो मला पहिल्या वर्षी लक्षात आला नव्हता: काठी धरणाऱ्याचे हात सतत ओले होतात आणि पाहणाऱ्याचे हात कोरड्या हातमोज्यांत राहतात, म्हणजे प्रत्येकाला निम्मा दिवस बोटे ऊबदार ठेवता येतात. शून्याखाली आठ-नऊ अंशांच्या सकाळी केसाएवढ्या बारीक धाग्याला गाठ मारायची असते तेव्हा याची किंमत कळते.

माझा हा मित्र देवगडचा आहे. त्याचे लहानपण खाडीच्या काठी गरवण्यात, म्हणजे गळाने मासे धरण्यात गेले, आणि पाण्याखालचा मासा ओळखण्याची त्याची नजर मला अजून आलेली नाही. आपण शोधतो मासा, पण आधी दिसते ती त्याची सावली, हे मला त्याने शिकवले. ट्राउटची पाठ तळाच्या रंगात मिसळून जाते. उन्हात तळावर पडलेली सावली मात्र लपत नाही. गोट्यांमध्ये एखादी लांबट काळी रेघ दिसली आणि ती किंचित डावी-उजवी हलत असली, तर तिच्या वर थोड्या अंतरावर मासा असतोच. आणखी एक खूण तोंडाची. मासा काही गिळतो तेव्हा त्याच्या तोंडाच्या आतला पांढरा भाग क्षणभर चमकतो. गळ उचलण्याची वेळ या पांढऱ्या चमकेवरून ठरते, म्हणूनही पाहणारा माणूस हवा.

तळाबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो. २००२ च्या जूनमध्ये लागलेल्या हेमन वणव्यात या परिसरातले सुमारे १,३८,००० एकर क्षेत्र जळाले, आणि त्यानंतरच्या पावसांत उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरून भुसभुशीत ग्रॅनाइटची जाड वाळू नदीत आली. कित्येक डोह तिने भरून गेले आणि माशांचे फार हाल झाले. ती गुलाबीसर वाळू आजही डोहांच्या कडेने पट्ट्या-पट्ट्यांनी दिसते. या पट्ट्यांवर मासा आला तर तो लगेच दिसतो, म्हणून नवख्यांनी पाहण्याचा सराव तेथे करावा. पण मासे स्वतः पसंत करतात ते गडद गोट्यांचे तळ, आणि खरी परीक्षा तेथे असते.

गेल्या जानेवारीतल्या एका दिवसाचे वर्णन करतो, म्हणजे ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते ते दिसेल. आम्ही डेन्व्हरहून सकाळी आठनंतर निघालो. हिवाळ्यात पहाटे पोहोचण्यात काहीच लाभ नाही; पाणी सकाळी सर्वांत थंड असते आणि घळीत ऊन उतरेपर्यंत पाहणाऱ्यालाही काही दिसत नाही. महामार्ग २८५ ने पाइन जंक्शनपर्यंत, तेथून १२६ क्रमांकाच्या रस्त्याने बफलो क्रीकवरून पुढे, आणि डेकर्स या छोट्या वस्तीच्या सुमारे तीन मैल अलीकडे पायवाटेचा वाहनतळ. येथून गिल ट्रेल नावाची पायवाट नदीकडे जाते. या वाटेवर सावलीच्या जागी तुडवून तुडवून बर्फाची काच झालेली असते, त्यामुळे बुटांना खालून बांधायचे लोखंडी दाते जवळ नसतील तर मी त्या दिवशी घळीत जाऊ नका असेच सांगेन. त्याऐवजी डेकर्सजवळ, रस्त्याला लागून वाहणाऱ्या नदीवर थांबावे. मासा तेथेही आहे.

साडेदहाला पाण्यात थर्मामीटर धरला तेव्हा साडेतीन अंश भरले. आम्ही काठी जोडली नाही. अर्धा तास फक्त चाललो आणि पाहिले, आणि ही शिस्त तुम्हीही पाळा, कारण काठी हातात आली की पाय आपोआप पाण्यात जातात आणि पाय पाण्यात गेले की जवळचे मासे निघून जातात. अकराच्या सुमारास एका मोठ्या डोहाच्या शेपटाशी, पांढऱ्या गोट्याच्या थोडा खाली, मित्राला सावली दिसली. मला दिसायला दोन मिनिटे लागली. चौदा-पंधरा इंचांचा रेनबो जातीचा ट्राउट होता, तळापासून चार बोटे वर, आणि दर अर्ध्या मिनिटाने एकदा डोके वळवून काहीतरी घेत होता. खाणारा मासा आणि नुसता पडून राहिलेला मासा यांतला फरक ओळखायला हे डोके वळवणे पुरते. पडून राहिलेल्या माशावर हिवाळ्यात वेळ घालवू नये.

ट्राउट तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून असतो, म्हणून मी खालच्या बाजूने, वाकून, काठाच्या बर्फावर न चढता पाण्यात उतरलो आणि माशाच्या साधारण वीस फूट खाली थांबलो. मित्र धोंड्यावर. दिशा सांगण्यासाठी आम्ही डावे-उजवे हे शब्द कधीच वापरत नाही, कारण दोघांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना असतात आणि ऐन वेळी घोटाळा होतो. आमचे शब्द चारच आहेत: वर, खाली, काठाकडे, धारेकडे. अंतर तो वावात सांगतो. त्याच्या कोकणातल्या सवयीचे हे माप, दोन्ही हात पसरल्यावर भरेल एवढे, आणि मला आता त्याच्यावाचून चालत नाही.

पहिली फेक पडल्यावर तो म्हणाला, "धारेकडे एक हात." दुसरीनंतर, "बरोबर आहे, पण वरून गेली. मान वळवली नाही त्याने." येथे बहुतेक नवखे लोक फ्लाय बदलतात. मी फ्लाय बदलली नाही. दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्यावर, म्हणजे टिपेटवर, एकाखाली एक अशा दोन फ्लाय होत्या आणि वरच्या फ्लायच्या एक वीत वर शिशाची बारीक गोळी दाबलेली होती, तिच्याजवळ तसलीच आणखी एक दाबली. पाण्याबाहेरून पाहताना मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून आपली फ्लाय त्याच्या पातळीला आहे असे वाटते तेव्हा ती प्रत्यक्षात त्याच्या डोक्यावरून जात असते. पुढची फेक माशाच्या दीड वाव वर टाकली, म्हणजे त्याच्यापर्यंत येईतो फ्लायला बुडायला अवकाश मिळाला. दोरीचा मधला भाग प्रवाह ओढू लागण्यापूर्वी तो उचलून वरच्या अंगाला ठेवला. मासा लागल्याची खूण देणारा, लोकरीचा लहानसा तरंगता इंडिकेटर आजूबाजूच्या फेसापेक्षा किंचित सावकाश येऊ लागला. हे सावकाश येणे महत्त्वाचे आहे, कारण तळालगतचे पाणी पृष्ठभागापेक्षा हळू वाहते, आणि इंडिकेटर फेसाच्या वेगाने पळत असेल तर खाली फ्लाय ओढली जात आहे असे समजावे.

"घेतल्यान!"

मालवणीतला हा एक शब्द आमच्यासाठी खुणेचा आहे. इंडिकेटर त्या क्षणी हललासुद्धा नव्हता. मी काठी वर उचलली. झटका दिला नाही, दाराची कडी उचलावी तितकीच उचलली, आणि त्या टोकाला जडपणा जाणवला. मी एकटा असतो तर हा मासा मला लागलाच नसता, आणि फ्लाय घेऊन थुंकल्याचे कळलेही नसते. थंड पाण्यातला मासा फ्लाय इतकी हळू घेतो आणि इतक्या हळू सोडून देतो, की निम्म्याहून अधिक वेळा वर काहीच दिसत नाही.

त्या दिवशी आम्हाला एकूण सात मासे लागले, त्यांतले पाच पाहणाऱ्याच्या शब्दावर. माझ्या मते जानेवारीतल्या दिवसासाठी ही संख्या उत्तम आहे. तुम्हाला पहिल्या दिवशी एक लागला तरी तो दिवस चांगला झाला असे समजा.

फ्लायबद्दल फार लिहीत नाही, कारण हिवाळ्यात निवड सोपी आहे. नदीत या दिवसांत सर्वांत जास्त असतात ती चिलटे. वर्षभर त्यांच्या अळ्या तळात असतात, कोश वर तरंगत येतात, आणि दुपारच्या उन्हात थोडी चिलटे पंख फुटून बाहेरही पडतात. अळीसाठी तांब्याची बारीक तार गुंडाळलेली ब्रासी ही फ्लाय साउथ प्लॅटवरच रुळली आणि कोशासाठी ब्लॅक ब्यूटी पुरते. तिसरी आरएस-२. रिम चंग या कोलोरॅडोतल्या मच्छीमाराने तयार केलेली ही फ्लाय दिसायला अगदी साधी आहे, पण या सगळ्या नमुन्यांत माझा सर्वाधिक विश्वास तिच्यावर आहे. आकार २० ते २४. आकडा जितका मोठा तितका गळ लहान, आणि २४ क्रमांकाचा गळ तांदळाच्या कणीहून फारसा मोठा नसतो. दोन फ्लाय एकाखाली एक, दीड वितीच्या अंतराने बांधाव्यात. टिपेट ६ एक्स, म्हणजे इंचाच्या पाच सहस्रांश जाडीचा. हा पाचाचा आकडा ११ मधून ६ वजा करून मिळतो आणि कोणत्याही टिपेटला तोच हिशेब लागू पडतो. काठी नऊ फुटी, ४ किंवा ५ क्रमांकाच्या दोरीसाठीची, उन्हाळ्यात वापरली तीच चालेल.

काठीच्या कड्यांत बर्फ धरतो, याची मात्र तयारी ठेवा. ओली दोरी कडीतून आत येते, तिच्यावरचे पाणी कडीला लागते आणि गोठते. दहा-पंधरा फेकींत टोकाची कडी बंद होते. बर्फ बोटांनी किंवा दातांनी फोडू नये, कडी वाकते किंवा काठीचे टोक तुटते. काठीचे टोक काही क्षण पाण्यात धरावे, चार अंशांच्या पाण्यात बर्फ आपोआप विरघळतो. रीळ मात्र बुडू देऊ नये, कारण त्याच्या आतले पाणी गोठले तर मासा पळताना दोरी सुटणार नाही आणि टिपेट तुटेल. दोरी वारंवार आत-बाहेर ओढण्याऐवजी एकच लांबी ठरवून तेवढ्यावरच मासेमारी केली की कड्या कमी गोठतात, आणि नेमक्या दिसलेल्या माशावर टाकताना लांबी तशीही बदलावी लागत नाही.

दुपारी बारा ते दोन हा खरा वेळ. पाणी अर्धा-एक अंशाने चढते आणि काठाच्या बर्फावर बारीक काळे ठिपके चालताना दिसू लागतात; तीच चिलटे. ती दिसली की संथ पाण्याकडे लक्ष ठेवा, कारण एखादा मासा वर येऊन नाक दाखवतो. आम्ही या वेळी काठी खाली ठेवून जेवतो. थर्मासमधला आल्याचा चहा आणि तिळाच्या वड्या; गूळ आणि तीळ थंडीत अंगाला किती लवकर ऊब देतात, हे तुम्हाला संक्रांतीच्या दिवसांत वेगळे सांगायला नको.

आता माशाविषयी, आणि हा भाग कृपया दोघांनीही वाचा. चीझमन कॅन्यनमध्ये लागलेला प्रत्येक मासा लगेच सोडणे हा नियम आहे, आणि आमिष म्हणून केवळ कृत्रिम फ्लाय किंवा ल्युअर, म्हणजे इतर नकली आमिषे, चालतात. पण सोडलेला मासा जगला पाहिजे, हे नियमाने होत नाही, हातांनी होते. हवा शून्याच्या खाली असताना मासा पाण्याबाहेर काढला तर त्याच्या कल्ल्यांच्या नाजूक झालरी काही क्षणांत गोठू लागतात, आणि ही इजा गंभीर असू शकते. म्हणून हिवाळ्यात मासा पाण्याबाहेर उचलूच नये. छायाचित्रासाठी तर मुळीच नाही. त्याला बर्फावर ठेवणे तर त्याहून वाईट. गळांच्या टोकाचे उलटे काटे घरीच चिमट्याने दाबून टाकावेत, मासा रबरी जाळ्यात पाण्यातच ठेवावा, हातमोजा काढून हात ओला करून गळ फिरवून सोडवावा आणि त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघेपर्यंत आधार द्यावा. जाळे दुसऱ्याने धरले तर हे सारे वीस सेकंदांत होते. एकट्याला, गारठलेल्या बोटांनी, मिनिटभरही लागू शकते.

पाय कोठे ठेवता तेही पाहा. ब्राउन ट्राउट शरदात अंडी घालतो आणि ती अंडी सारा हिवाळा वाळू-खड्यांखाली असतात. उथळ पाण्यात ताटाएवढा किंवा त्याहून मोठा, भोवतालच्या तळापेक्षा स्वच्छ आणि उजळ दिसणारा खड्यांचा गोल पट्टा आढळला तर ते घरटे समजून वळसा घालून जावे. हिमाचल प्रदेशात नेमक्या याच कारणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीवर बंदी असते. पुढेमागे तीर्थन किंवा बरोटला जाण्याचा बेत केलात तर जानेवारीचा करू नका. कोलोरॅडोत या नदीवर अशी बंदी नाही, त्यामुळे ती काळजी आपणच घ्यायची.

काठी एकच असली तरी ती दोघांच्या हातांत जाणार, म्हणून परवाना दोघांकडेही हवा. येथील वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत, म्हणजे तेरा महिने चालतो. उन्हाळ्यात तुम्ही वार्षिक परवाना काढला असेल तर तो जानेवारीतही वैध आहे. एक-दोन दिवसांचा काढला असेल तर नवा घ्यावा लागेल. राज्यात सलग सहा महिने राहिल्यावर रहिवाशांचा कमी दराचा परवाना मिळतो, तेव्हा ती पात्रता आधी तपासा.

शेवटी त्या प्रसंगाविषयी, ज्याचा मी सुरुवातीला उल्लेख केला. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघेही आपापली काठी घेऊन जात असू आणि घळीत शिरताच वेगळे होत असू. एका फेब्रुवारीत मी काठालगतच्या बर्फाच्या पुढे आलेल्या थरावर उभा राहिलो. वरून तो दगडासारखा घट्ट वाटत होता, पण पाण्याची पातळी रात्रीत उतरली होती आणि बर्फाखाली पोकळी होती. थर मोडला, मी छातीपर्यंत पाण्यात गेलो. कमरेचा पट्टा घट्ट बांधलेला असल्यामुळे वेडर्समध्ये, म्हणजे पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक पोशाखात, पाणी थोडेच शिरले, तरी मी बाहेर आलो तेव्हा बोटांनी पट्ट्याचे बक्कल उघडता येत नव्हते. मित्र दोन वळणे वर होता. हाका मारल्या, पण नदीच्या आवाजात त्या पोहोचल्या नाहीत, आणि घळीत फोनला संपर्क मिळत नाही. पाऊण तास मी कुडकुडत वाहनतळापर्यंत चाललो, आणि गाडीची किल्ली मित्राकडे होती. तो मला शोधत खाली येईपर्यंतचा तो काळ मी अजून विसरलेलो नाही. वाटेत भेटलेल्या एका अनोळखी जोडप्याने आपल्या गाडीत बसवून घेतले, म्हणून निभावले.

त्यानंतर आमच्या पद्धती ठरल्या. काठाच्या बर्फावर कोणीही उभे राहायचे नाही. पाण्यात उतरायचे ते उघड्या खडकावरून. दुसरा माणूस नेहमी दिसेल एवढ्या अंतरावर. किल्ल्या दोन. पाठीवरच्या जलरोधक पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक संपूर्ण जोड, टोपी आणि लोकरी मोजे धरून. सुती कपडा अंगावर एकही नको, कारण ओला सुती कपडा ऊब धरत नाही. लोकर ओली झाली तरी थोडी धरते. मोजे दोन जोड घालून बूट घट्ट करू नका, रक्त फिरायला जागा नसेल तर पाय अधिक लवकर बधिर होतात. वेडर्सचे बूट उन्हाळ्यापेक्षा एक माप मोठे मिळाले तर फार चांगले. नमद्याच्या तळव्यांना बर्फाचे गोळे चिकटतात, म्हणून रबरी तळवे आणि त्यांत खिळे. परत कधी येणार ते घरी लिहून ठेवावे.

एक उल्लेख राहिला, आणि या नदीवर प्रथमच येणाऱ्याला तो सांगावासा वाटतो. तुम्ही ज्या रस्त्याने डेकर्सकडे उतराल तो भाग आज पाण्याखाली असता. डेन्व्हर परिसराच्या पाण्यासाठी टू फोर्क्स नावाचे मोठे धरण या नदीवर खाली बांधण्याचा प्रस्ताव होता, आणि १९९० मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नकाराधिकार वापरला म्हणून तो थांबला. चीझमन धरणामुळेच हिवाळ्यात येथे ट्राउट धरता येतात आणि दुसरे धरण झाले नाही म्हणूनच हे पाणी वाहते राहिले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि मी त्या डोहाशी उभा असतो तेव्हा दोन्ही माझ्या मनात असतात.

तीनच्या सुमारास घळीतले ऊन पश्चिमेच्या कड्यामागे जाते. तापमान लगेच उतरते, पाण्यावर चकाकी येते आणि धोंड्यावरच्या माणसाला तळ दिसेनासा होतो. पाहणारा "आता दिसत नाही" म्हणाला की आम्ही काठीचे भाग सुटे करून ठेवतो, मासे खात असले तरी. परतीची वाट सावलीत गेलेली असते आणि दुपारी वितळलेले पाणी तिच्यावर पुन्हा गोठायला लागलेले असते. लोखंडी दाते बुटांना बांधायचे ते नदीकाठीच, चढ सुरू होण्यापूर्वी.